मेफ्लाय हुबेहूब हवी, पण माशाच्या बाजूनं

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी जायचं ठरलंय. त्यासाठी तुम्ही तीन महिने घरी फ्लाय, म्हणजे किड्याची गळावर बांधलेली नक्कल, बनवताय; किडा मेफ्लाय, पाण्यात वाढून पंख फुटल्यावर बाहेर पडणारी माशी. सहा पाय, प्रत्येक पायाला गुडघा, पारदर्शक प्लॅस्टिक कापून केलेले पंख, त्यावर पेनानं काढलेल्या शिरा, रेझिनचे डोळे. हातात धरली तर खरी माशी वाटते. पण असोग्याजवळ मलप्रभेत टाकून बघितली तेव्हा ती हवेत भिंगरीसारखी फिरली, टिपेटला, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक तंगूसाला, पीळ पडला, पाण्यावर कुशीवर पडली आणि लहान मासे जवळ येऊन मागे फिरले. ती आणखी हुबेहूब करायला काय वापरू, आणि ते बेळगावात कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

साहित्याचं पुढे सांगतो. एवढं बारीक काम जमतंय म्हणजे तुमचा हात तयार आहे. अडचण एवढीच की सगळा बारकावा आपल्याला वरून दिसणाऱ्या बाजूला गेलाय, आणि मासा खालून बघतो. त्याच्या दृष्टीनं तीन गोष्टी जुळायला हव्यात: माप, पाण्यावर बसायची ढब आणि प्रवाहाबरोबर मोकळं वाहणं. या जुळल्या तर गुडघे नसले तरी चालतं. तुमच्या फ्लायमध्ये पहिली जुळलेली असेलही, पण दुसरी आणि तिसरी त्या कडक पंखांनी आणि पायांनी घालवली आहे.

माशाला काय दिसतं ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच ठरतं. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं जग त्याला एका गोल खिडकीतूनच दिसतं. ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूची असते, म्हणजे तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. मासा ३० सेंमी खोल असेल तर खिडकी साधारण ६८ सेंमीची. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात नदीचा तळ उमटलेला असतो. तुमची माशी दुरून वाहत येते तेव्हा आधी त्या आरशावर पायांनी पडलेल्या खळ्या चमकताना दिसतात. खिडकीच्या काठाशी आली की प्रकाश वाकल्यामुळे पंखांची टोकं अंगाच्या आधी दिसतात. अंग सर्वांत शेवटी. म्हणून खळ्या आणि उभे पंख ही त्याची खूण. पंखावरच्या शिरांपर्यंत त्याचा निर्णय थांबत नाही.

निम्फ, म्हणजे पंख फुटायच्या आधीची मेफ्लाय, तिची गोष्ट वेगळी. ती पाण्याच्या आतच असते, मासा तिला आरपार आणि जवळून बघतो. तिथे अंगाचा चपटेपणा, कल्ल्यांची थरथर, पंखपेटीचा गडद रंग याला किंमत आहे. तुमची बारीक कामाची हौस निम्फवर खर्च करा, फायदा होईल.

बाकी काय चालेल हे बरंचसं पाण्यावर अवलंबून आहे. तीर्थन बर्फाच्या पाण्याची नदी. मार्चमध्ये आणि एप्रिलच्या सुरुवातीला पाणी सहसा कमी आणि स्वच्छ असतं. ऊन वाढलं की वितळलेलं पाणी येऊन ते फुगतं, राखाडी होतं, मग पृष्ठभागावरची फ्लाय जवळपास बाजूला ठेवावी लागते. एप्रिलच्या कुठल्या आठवड्यात जाताय त्यावर पेटीत निम्फ किती आणि ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय, किती हे ठरेल. महिन्याच्या शेवटी असाल तर चारांतल्या तीन निम्फ.

आता तुमच्या हाताशी असलेली मोठी सोय. बेळगाव जिल्ह्यात ट्राउट नाही, पण मेफ्लाय भरपूर आहे. दिवाळीनंतर पाणी निवळलं की खानापूरच्या आसपास मलप्रभेच्या खडकाळ, वाहत्या भागात घोटाभर पाण्यात उतरा आणि वितीएवढा दगड उलटा करा. खालच्या बाजूला चिकटलेले चपटे, खेकड्यासारखे तिरके सरकणारे किडे दिसतील. काही बारीक, लांबट, पाण्यात सुळकन पोहणारेही असतील. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणात थोडं पाणी घेऊन त्यात एखादा सोडा आणि सराफाच्या भिंगातून बघा. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले हलताना दिसले आणि पायाच्या टोकाला एकच नखी असली तर ती मेफ्लायची निम्फ. शेपट्या बहुधा तीन. नख्या दोन आणि पोटावर कल्ले नाहीत, असं असेल तर तो दुसराच किडा, स्टोनफ्लाय. शेपट्यांवर विसंबू नका, कारण काही मेफ्लायनाही दोनच असतात. नखी मोजा. काम झालं की किडा आणि दगड होते तसे परत ठेवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत हे करू नका. देवळांजवळच्या डोहांतले मासे लोक राखतात, तिथे गळ काढायचा नाही.

त्या झाकणातल्या किड्याकडे पाच मिनिटं टक लावून बघा. अंगाच्या मानाने डोकं रुंद, पोट मागे निमुळतं होत जाणारं, वरची बाजू गडद तपकिरी आणि खालची फिक्या मेणासारखी. पाय अंगाखाली उभे नसतात, बाजूला पसरलेले असतात. छातीवर दोन गडद पेट्या, त्यांत पंख घडी घालून ठेवलेले. त्या काळ्याभोर झाल्या असतील तर किडा एक-दोन दिवसांत बाहेर पडणार, आणि मासे नेमके अशाच निम्फवर तुटून पडतात. शेपट्या सोडून अंगाची लांबी मोजा आणि गळाच्या दांडीशेजारी ठेवून बघा. गळाच्या नंबरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा १४ नंबर वेगळ्या लांबीचा निघतो. ढोबळ मानाने ८ मिमी अंगाला १४ नंबर, ६ ते ७ मिमीला १६.

हिमाचलातल्या जाती इथल्यापेक्षा वेगळ्या. पण चपटी दगडाला चिकटणारी आणि बारीक पोहणारी, हे दोन्ही आकार तिथेही आहेत. मलप्रभेवर नजर तयार झाली की तीर्थनवर पहिल्या दिवशी दगड उलटून मापाची खात्री करायला दहा मिनिटं पुरतात.

साहित्य. कोंबड्याची मानेची पिसं मटणमार्केटात फुकट मिळतील, गावठी कोंबडाच घ्या. त्याची पिसं खालच्या भागात मऊ आणि जाळीदार असतात, वरचा एकतृतीयांश तेवढा ड्रायला चालतो. धुऊन, सुकवून, कापराबरोबर बंद डब्यात ठेवा, नाहीतर कीड लागते. कोंबडीच्या पाठीवरची मऊ पिसं निम्फच्या पायांना. शहापूर, वडगाव, खासबागला मागवाल्यांकडे ७० ते ७५ डेनियरचं पॉलिस्टर फिलामेंट मिळतं, जाडीला फ्लायच्या दोऱ्याच्या जवळ बसतं. त्याला मेण नसतं, म्हणून मधमाश्यांच्या मेणावरून एकदा ओढून घ्यायचं. तुटायच्या किती जवळ ओढता येतो याचा अंदाज यावा म्हणून पहिला वीतभर दोरा मुद्दाम तोडून बघा. तांब्याची एनॅमल तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे: ३८ गेज म्हणजे साधारण ०.१५ मिमी, वेढ्यांसाठी. २४ गेज म्हणजे साधारण ०.५६ मिमी, वजनासाठी. निम्फच्या अंगाला धनगरांच्या घोंगडीचं काळं-तपकिरी लोकर उत्तम, फक्त भरड असतं. ते १ सेंमीचे तुकडे करून पाळीव सशाच्या केसांत निम्मं-निम्मं मिसळा. लोकर पाणी पितं, म्हणून ते निम्फलाच. शेपट्यांना स्टेशनरीच्या दुकानातला नायलॉनचा रंगाचा ब्रश. त्याचे केस टोकाला निमुळते होतात, मेफ्लायच्या शेपटीसारखेच.

रानकोंबड्याच्या मानेवरची चकचकीत ठिपक्यांची पिसं फ्लाय बांधणाऱ्यांत प्रसिद्ध आहेत आणि तो पक्षी आपल्याच जंगलात आहे. त्याला हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे, हिमालयातले फेझंटही तसेच. या कामाला त्यातलं काहीच लागत नाही.

आधी निम्फ, १४ नंबर, लांब दांडीचा गळ. उलटा काटा चिमट्यानं दाबून टाका. दांडीवर दोऱ्याचा एक थर द्या, भोकापासून २ मिमी मोकळे सोडून. ही २ मिमी शेवटपर्यंत राखायची, बहुतेक बिघडलेल्या फ्लाय इथेच बिघडतात. आता २४ गेजच्या तारेचे दोन तुकडे, दांडीच्या दोनतृतीयांश लांबीचे, दांडीच्या उजव्या-डाव्या बाजूला आडवे ठेवून दोऱ्यानं आवळा. दांडीभोवती तार गुंडाळली तर अंग गोल होतं, बाजूला बांधली तर चपटं. सपाट पक्कडीनं हलकेच दाबा आणि फेविक्विकचा एकच थेंब टाकपिनेनं लावा. ते दोन मिनिटं सुकू द्या, ओलं असताना पुढं गेलात तर लोकर चिकटून दगड होतो.

शेपट्यांसाठी दांडीच्या मागच्या टोकाला दोऱ्याचा मोहरीएवढा गोळा करा आणि ब्रशचे तीन केस त्याच्यावर असे बांधा की एक मधे आणि दोन बाजूंना फाकतील. लांबी दांडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिथेच ३८ गेजची तार बांधून ठेवा. मेण लावलेल्या दोऱ्यावर लोकर इतकं विरळ चढवा की दोरा मधून दिसेल. मागे अगदी बारीक, पुढे किंचित जाड, दांडीच्या ६० टक्क्यांपर्यंत. वरून तारेचे पाच वेढे. आता टाकपिनेनं फक्त बाजूंचे केस ओढून बाहेर काढा आणि वरचे-खालचे कात्रीनं सपाट करा. बाजूला राहिलेली ती लव म्हणजे कल्ले. पाण्यात ती हलते, आणि किड्याच्या जिवंतपणाची नक्कल होते ती इथे. रेझिनच्या डोळ्यांनी हे होत नाही.

पंखपेटीला कोंबडीच्या पंखातल्या गडद पिसाची ३ मिमी रुंद पट्टी, टोक मागे ठेवून बांधा. त्यावर पाठीवरचं मऊ पीस टोकाकडून बांधा. छातीला लोकर थोडं जाड. मग पीस छातीवरून पुढे सपाट ओढा, त्याचे धागे दोन्ही बाजूंना पसरून पाय होतील. प्रत्येक बाजूला चार-पाच ठेवून बाकीचे तोडा. त्यावर पट्टी दुमडून आणा, बांधा, कापा, डोक्यावर चार-पाच वेढ्यांची गाठ. पंखपेटीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात. यूव्ही रेझिन वापरायचंच असेल तर तेवढ्याच जागी आणि कागदाइतकं पातळ. जाड थेंब खाली ओघळून गळाचं तोंड बुजवतो, मग मासा फ्लाय तोंडात घेतो आणि ती सुटते.

इथे एकच ताकीद. अंग तुम्हाला वाटतं त्यापेक्षा निम्मं बारीक हवं. नवख्यानं बांधलेली निम्फ जवळजवळ नेहमी जाड होते, कारण सुकं लोकर बोटात कमीच वाटतं.

आता डन, म्हणजे पाण्यातून बाहेर येऊन पंख उभे करून बसलेली मेफ्लाय. तुमची अडचण मुख्यतः हिच्यात आहे. दोन कडक पंख म्हणजे पंख्याची दोन पाती. त्यांत केसभर फरक असला तरी कास्ट करताना, म्हणजे फेकताना, ती फिरणार, आणि ५ एक्सचं टिपेट फक्त ०.१५ मिमीचं, ते लगेच पिळणार. त्यावर कितीही मेहनत घेतली तरी हे सुटत नाही, प्लॅस्टिकचे पंख सोडूनच द्यावे लागतात. पंख मऊ तंतूंचा हवा, हवा आरपार जाऊ देणारा. मी इथे पॅराशूट पद्धत सुचवतो, म्हणजे पीस उभ्या खांबाभोवती आडवं गुंडाळायचं, कारण गावठी कोंबड्याचं मऊ हॅकल (मानेचं पीस) तिच्यात निभतं आणि फ्लाय जवळपास दर वेळी सरळ पडते.

१६ नंबरचा हलक्या तारेचा गळ. पुढून एकतृतीयांशावर पांढऱ्या पॉलीप्रॉपिलीन धाग्याचा जुडगा उभा बांधा. पॉलिस्टर किंवा नायलॉन नको, ते पाण्यापेक्षा जड असतात, पॉलीप्रॉपिलीन हलकं. जुडग्याच्या बुडाला दोऱ्याचे सात-आठ आडवे वेढे देऊन खांब ताठ करा. उंची दांडीइतकी. शेपट्या निम्फसारख्याच फाकवलेल्या, पण दांडीइतक्या लांब. या फाकलेल्या शेपट्याच फ्लायला कुशीवर पडू देत नाहीत.

अंगाला कोंबड्याच्या मानेच्या पिसाचा देठ वापरा. धागे सोलून काढा, देठ अर्धा तास पाण्यात भिजवा आणि निमुळतं टोक मागच्या बाजूला बांधून वेढ्याला वेढा लावत पुढे आणा. कोरडा देठ तडकतो, म्हणून भिजवणं चुकवू नका. देठाची एक कड गडद आणि एक फिकी असली की गुंडाळल्यावर आपोआप पट्टे उमटतात, आणि जाडी मागून पुढे वाढत जाते. खऱ्या मेफ्लायचं पोट असंच असतं, आणि ते रंगवून इतकं नीट होत नाही. वर नेलपॉलिशचा पातळ हात, नाहीतर पहिल्याच माशाच्या दातांनी उलगडेल.

हॅकलचे धागे गळाच्या तोंडाच्या दीडपट लांब असावेत. पीस खांबाभोवती आडवं, चार ते पाच वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. खांबाच्या बुडाशीच गाठ. हे आडवे पसरलेले धागे पाण्यावर जे सहा-आठ बिंदू दाबतात, ते म्हणजे तुमचे सहा पाय.

बांधून झाली की दोन चाचण्या करा. वीतभर टिपेटला फ्लाय लटकवून टेबल फॅनसमोर धरा. पीळ पडायला लागला तर एक बाजू जड आहे, खांब सरळ करा. मग पाण्यानं भरलेल्या घमेल्यात मीटरभर उंचीवरून दहा वेळा सोडा. आठ वेळा तरी खांब वर राहिला पाहिजे. वाटलंच तर काचेच्या बरणीत तरंगवून बरणीच्या बाजूनं, खालून तिरकं बघा. आरशासारख्या पृष्ठभागावर खळ्या दिसतील. तुमची सहा गुडघ्यांची माशीही शेजारी टाकून बघा, फरक मी सांगण्यापेक्षा तिथे कळेल.

स्पिनर, म्हणजे अंडी घालून पंख पसरून पाण्यावर पडलेली, संध्याकाळी कामाला येते. तिचं अंग तसंच, फक्त खांबाऐवजी तोच धागा दोन्ही बाजूंना आडवा बांधायचा. चार-पाच बांधल्यात तरी पुरे.

तीर्थनवरचा ट्राउट मुख्यतः ब्राउन जातीचा. कुल्लू भागात ट्राउटचं बीज १९०९ च्या सुमारास आलं, आणि हा मासा जगात सगळीकडे असतो तसा इथेही सावध आहे. ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. बाकीच्या काळात मत्स्यविभागाचा परवाना घ्या, आणि त्यावरच्या आकाराच्या आणि संख्येच्या अटी तिथेच वाचून घ्या.

तीर्थन म्हणजे दगडांमागची छोटी छोटी डबकी आणि त्यांच्यामधून धावणारं पाणी. लांब कास्टचं तिथे काम नाही. साडेआठ-नऊ फुटी, ४ वेटची रॉड, ९ फुटी लीडर (दोरीपुढचा निमुळता तंगूस), टोकाला ५ एक्स. प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून, ६ ते ८ मीटरचा कास्ट आणि रॉडचं टोक उंच, म्हणजे मधल्या वेगवान पाण्यावर दोरी पडणार नाही. पडली की ती फ्लायला ओढते. याला ड्रॅग म्हणतात, आणि असोग्याला मासे जवळ येऊन परतले त्यामागे पीळ पडलेलं टिपेट आणि हा ड्रॅगच असण्याची शक्यता जास्त. फ्लायशेजारी वाहणारा फेसाचा बुडबुडा बघत राहा. दोघं एका वेगानं चालली तर बरोबर. हा सराव मात्र मलप्रभेत पोटभर करता येतो, गळ वाकापाशी कापून टाकलेल्या फ्लायनं.

पाण्यावर काही उठताना दिसत नसेल तर निम्फ तळाजवळ न्या. खूणगाठ, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. अधूनमधून दगडाला लागली पाहिजे. पाच-सहा कास्टमध्ये एकदाही लागली नाही तर वजन कमी आहे. खूणगाठ थबकली की रॉड उचला, मासा की दगड हा विचार नंतर. पाणी फार खोल नसेल तर डनखाली ४५ ते ५० सेंमी टिपेटवर निम्फ बांधली की दोन्ही एकाच वेळी चालतात.

मासे वर उठत असतील तर आधी बघा, टाकू नका. नाक आणि तोंड बाहेर आलं तर तो डन घेतोय. नुसती पाठ आणि पर दिसला तर पृष्ठभागाच्या लगत, बाहेर पडायच्या धडपडीत असलेली माशी घेतोय. तिथे पॅराशूटचं हॅकल कात्रीनं विरळ करून अंग पाण्यात बुडू द्या. संध्याकाळी हलकीशी गोल लाट आणि काहीच बाहेर नाही, तर स्पिनर. वितळलेलं पाणी दुपार उलटल्यावर वाढायला लागतं, म्हणून सकाळी दहा ते दोनची वेळ वाया घालवू नका. थंड दिवसांत मेफ्लायही बहुधा त्याच वेळात निघते.

भिजलेली ड्राय रुमालात दाबून कोरडी करा, मग सिलिकाच्या पुडीत हलवा. मासा धरायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत आधार द्या.

निघण्याआधी चपटी निम्फ १४ आणि १६ मिळून दोन डझन, पॅराशूट डन १६ एक डझन, स्पिनर चार-पाच, एवढं बांधून घ्या. पहिल्या सहा निम्फचे फोटो गळाशेजारी मोजपट्टी ठेवून, वरून आणि बाजूनं काढून टाकलेत, तर अंग जाड झालंय का ते बघून सांगता येईल.